पाटीवर काय लिहायचं ते सगळ्यात शेवटी ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. डीएम झालेले एक तरुण हृदयरोगतज्ज्ञ मुंबईतली नोकरी सोडून मराठवाड्यातल्या आपल्या जिल्ह्याच्या गावी चाळीस खाटांचं, फक्त हृदयाचं रुग्णालय काढतायत. सोबत तीन भागीदार आहेत, जागा घेऊन झालीय, बँकेचं कर्ज मंजुरीच्या बेतात आहे. त्यांनी विचारलंय, 'रुग्णकेंद्री' हा शब्द सगळेच पाटीवर लिहितात, तो आपल्याकडे खरा कसा करायचा? आणि बंगळुरूच्या नारायण हृदयालय या रुग्णालयाचं मॉडेल इथे चालेल का?

डॉक्टर, आधी माझ्याविषयी दोन ओळी सांगते, म्हणजे माझं बोलणं किती मनावर घ्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी भूलतज्ज्ञ. सव्वीस वर्षं हृदयाच्या ऑपरेशनांनाच भूल देते. पहिली नऊ मुंबईत गेली, नंतरची पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावी. तिथे आम्ही पाच जणांनी असंच एक रुग्णालय उभं केलं. पाचांत माझा वाटा सगळ्यात लहान होता, त्यामुळे बैठकीत मी कमी बोलायचे आणि जास्त टिपून ठेवायचे. खालचं बरंचसं त्या वहीतलं आहे, आणि त्यात आमच्या चुकाच जास्त आहेत.

तुमचा प्रश्न वरवर तत्त्वज्ञानाचा दिसतो. मला तो नकाशाचा आणि भागीदारीच्या कराराचा वाटतो. पहाटे तीनला तुम्ही घरी झोपलेले असणार. छातीत कळ येऊन दारात आलेल्या माणसाचं काय करायचं, हे तेव्हा कॅज्युअल्टीतला एमबीबीएस मुलगा आणि काउंटरवरचा कॅशियर ठरवणार. ते दोघं काय ठरवतील, हे आज तुमचा आर्किटेक्ट आणि सीए लिहितायत.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, आणि इथून मला त्या दिसत नाहीत. बायपास आणि झडपांची ऑपरेशनं करणार, की नुसती अँजिओप्लास्टीची कॅथलॅब? ओपन हार्ट करायचं तर फक्त सर्जन आणून भागत नाही. ऑपरेशनभर हृदय-फुप्फुसांचं काम करणारा पंप चालवायला परफ्युजनिस्ट लागतो. रात्री दोनला प्लेटलेट देणारी रक्तपेढी लागते. ऑपरेशननंतरच्या पहिल्या रात्री एका पेशंटमागे एक नर्स लागते, आणि तीही अशी, की ड्रेनमध्ये तासाभरात किती रक्त आलं ते बघून सर्जनला झोपेतून उठवायला कचरणार नाही. अशी नर्स तयार व्हायला दोन वर्षं जातात, आणि तयार झाली की आखातात नाहीतर आयर्लंडला जाते. आठवड्याला एखाद-दुसरंच ऑपरेशन होणार असेल, तर माझा सल्ला आहे की सुरूच करू नका. हात गंजतात, सर्जनचेही आणि आयसीयूचेही. कॅथलॅब नीट चालवा आणि ऑपरेशनच्या पेशंटला जिथे ते काम रोज होतं तिथे पाठवा. पेशंटच्या बाजूने बघितलं तर तेच बरोबर आहे. बँकेला ते आवडणार नाही.

आता नारायणाविषयी. २००१ मध्ये बंगळुरूबाहेर, होसूर रस्त्यावर बोम्मसंद्रात डॉ. देवी शेट्टींनी ते सुरू केलं. त्याआधी लंडनच्या गाईज हॉस्पिटलमधलं प्रशिक्षण, मग कोलकात्याच्या बिर्ला केंद्रातली वर्षं, तिथेच मदर तेरेसांवर केलेले उपचार. पाठीशी सासऱ्यांच्या घरचा बांधकामाचा व्यवसाय होता. कल्पना सांगायला सोपी आहे. कॅथलॅबचा, ओटीचा आणि पंपाचा खर्च दिवसाला दोन केस झाल्या काय किंवा वीस झाल्या काय, फारसा बदलत नाही. म्हणून केस इतक्या वाढवायच्या, की एकेका केसवरचा खर्च उतरतो, पुरवठादाराशी भावाची घासाघीस करता येते आणि हातही बसतात. त्याच काळात कर्नाटकात सहकारी संस्थांच्या सभासद शेतकऱ्यांसाठी यशस्विनी योजना आली. महिन्याला ५ रुपये भरून ऑपरेशनचं संरक्षण. त्या योजनेमागेही शेट्टींचा हात होता. म्हणजे रुग्णालय बांधलं आणि त्यात येऊ शकेल असा गरीब पेशंटही योजनेतून तयार केला. हा दुसरा भाग लोक विसरतात आणि नुसतं 'व्हॉल्यूम, व्हॉल्यूम' करत बसतात.

चाळीस खाटांत ते गणित बसत नाही. तुमच्याकडे दिवसाला वीस केस येणार नाहीत, आणि आणायचा हट्ट धरलात तर ज्यांना गरज नाही त्यांनाही टेबलावर घ्यावं लागेल. पण नारायणाच्या दोन गोष्टी चाळीस खाटांतही करता येतात. एक म्हणजे तिथे सर्जनना ठरलेला पगार असायचा, केसमागे टक्के नसायचे. दुसरी गोष्ट त्यांच्या म्हैसूरच्या रुग्णालयातली. साधी बैठी इमारत, एसी फक्त गरजेच्या ठिकाणी, आणि पेशंटच्या नातेवाइकांना शुश्रूषा शिकवायची पद्धत.

आधी पैशाचं बोलते, कारण आम्ही तिथेच चुकलो. आमच्या पहिल्या करारात दर भागीदाराला त्याने केलेल्या प्रोसीजरवर टक्केवारी होती. कुणीही लबाड नव्हतं, आजही मी तसं म्हणणार नाही. पण साठ टक्के ब्लॉकेजची अँजिओग्राफीची फिल्म बघताना नजर जरा प्रोसीजरकडे झुकायची. फेब्रुवारी २०१७ मध्ये औषधांच्या किमतींवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी एनपीपीएने औषधी लेपाच्या स्टेंटची, म्हणजे धमनी उघडी ठेवणाऱ्या जाळीची, कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवली. त्या आठवड्यातल्या बैठकीत सीएने पुढच्या तिमाहीचे आकडे मांडले आणि खोलीत शांतता पसरली. आमचं किती उत्पन्न त्या बारीकशा जाळीवर उभं होतं, हे त्या दिवशी पहिल्यांदा कागदावर दिसलं. त्यानंतर करार बदलला: सगळ्यांना महिन्याला ठरलेली रक्कम आणि वर्षअखेरीस नफ्यातला वाटा, कुणी किती केस केल्या त्याचा हिशोब न धरता. एक भागीदार सोडून गेला. गेला तो चांगला डॉक्टर होता. त्याचं म्हणणं होतं, मी रात्री जास्त उठतो. ते खरंही होतं. म्हणून आता रात्रीच्या बोलावण्याला वेगळा भत्ता आहे, मग त्यात अँजिओप्लास्टी झाली असो वा नुसतं बघून परत पाठवलं असो.

त्याला जोडून आली गुरुवारची बैठक. हार्ट अटॅक नसलेल्या, स्थिर पेशंटला अँजिओप्लास्टी किंवा बायपास सुचवली असेल, तर त्याची फिल्म दुसऱ्या डॉक्टरने आणि सर्जनने बघायची. आणि बघणाऱ्याला 'नको' म्हणायचा अधिकार. २०१९ मध्ये इस्केमिया या पाच हजारांवर पेशंटच्या चाचणीचे निकाल जाहीर झाले, ते तुम्हाला माझ्याहून जास्त पाठ असतील. स्थिर दुखणं, डाव्या मुख्य धमनीत अडथळा नाही, हृदयाचं पंपिंग बरं, अशा पेशंटमध्ये लगेच प्रोसीजर केली म्हणून मृत्यू किंवा अटॅक कमी झाले नाहीत. दुखणं कमी व्हायला मात्र मदत झाली. हे पेशंटला मराठीत सांगायला पंधरा मिनिटं लागतात. स्टेंट बसवायला पाऊण तास. पंधरा मिनिटांचं बिल होत नाही, पाऊण तासाचं होतं. हे उलटं गणित सरळ करणं तुमच्या करारातच शक्य आहे, नंतर नाही.

कट, म्हणजे पेशंट पाठवणाऱ्या डॉक्टरला द्यायचं कमिशन. तुम्ही विचारला नाहीत, पण पहिल्याच महिन्यात हा विषय तुमच्या केबिनमध्ये येऊन बसेल. २०१७ मध्ये मुंबईच्या एशियन हार्टने डॉक्टरांना कमिशन देत नाही असं मोठ्या होर्डिंगवर लिहिलं, तेव्हा वैद्यकीय संघटना चिडल्या होत्या आणि सरकारने कटविरोधी कायद्याचा मसुदा करायला समिती नेमली होती. त्या मोठ्या रुग्णालयामागे नाव होतं. तुम्हाला जिल्ह्यात होर्डिंग लावून चालणार नाही, तिथे रोज त्याच लोकांबरोबर चहा प्यायचाय. आम्ही कट दिला नाही आणि पहिलं वर्ष अर्ध्या खाटा रिकाम्या राहिल्या. हप्ता भरताना मी सोनं गहाण ठेवलं, हे नवऱ्याला दोन महिन्यांनी सांगितलं. कटाच्या जागी आम्ही दोन गोष्टी देत होतो. पेशंट पाठवणाऱ्या डॉक्टरला त्याच संध्याकाळी फोन: काय निघालं, काय केलं. आणि पेशंट बरा झाला की चिठ्ठीसकट पुन्हा त्याच्याकडे. गावातल्या डॉक्टरला कटाइतकीच भीती असते ती पेशंट कायमचा जाण्याची. दीड वर्षाने फोन यायला लागले.

आता दाराकडे येते. आमच्या मूळ नकाशात कॅज्युअल्टीच्या तोंडाशीच डिपॉझिटचा काउंटर होता. येणाऱ्याला सोयीचं, असं आम्हाला वाटलं होतं. चौथ्या महिन्यात पहाटे एक शेतकरी आला, पन्नाशीचा, ईसीजीत सरळ सरळ मोठा अटॅक. कॅशियरने डिपॉझिट सांगितलं, मुलगा पैसे आणायला मोटारसायकलवर गावी गेला. तो परत येईपर्यंत सव्वा तास गेला. अ‍ॅस्पिरिन वगैरे दिलं होतं, पण हृदयाची बंद नळी उघडली नव्हती. कॅथलॅबच्या टीमला फोनसुद्धा पैसे आल्यावर गेला. माणूस वाचला, पण हृदयाचं पंपिंग तीस टक्क्यांवर आलं आणि पुढे कधी नांगराला हात लावता आला नाही. कॅशियरने नियम पाळला होता. नियम आम्ही केला होता.

आधी उपचार, पैसे नंतर, हे बंगळुरूच्या जयदेव हृदयरोग संस्थेत डॉ. सी. एन. मंजुनाथ यांनी वर्षानुवर्षं राबवून दाखवलं. ती सरकारी स्वायत्त संस्था आहे, तुम्ही नाही. पुट्टपर्तीच्या सत्यसाई रुग्णालयात १९९१ पासून बिलाचा काउंटरच नाही. त्याच परंपरेतलं मुलांच्या हृदयाचं मोफत रुग्णालय आपल्या खारघरला आहे. तिथे दानातून खर्च भागतो, तुमच्या डोक्यावर बँकेचं व्याज असणार. सगळं फुकट करा असं मी म्हणणारच नाही. आम्ही एवढंच केलं: काउंटर पहिल्या मजल्यावर नेला आणि लेखी नियम केला, की ईसीजीत मोठा अटॅक दिसला तर कॅथलॅबचा फोन आधी जाईल, पैशाचं बोलणं नळी उघडल्यावर होईल, आणि ते बोलणारा माणूस डॉक्टर नसेल. बुडीत रक्कम आम्ही भ्यायलो होतो त्यापेक्षा बरीच कमी निघाली. जीव वाचलेल्या माणसाचं कुटुंब सहसा पैसे बुडवत नाही. तेरवीनंतर वसुलीला जावं लागतं तिथे बुडतात, आणि ते बुडावेतच.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत जा. २०१२ साली आठ जिल्ह्यांत ती दुसऱ्या नावाने सुरू झाली, तेव्हा आमच्यातही दोन मतं होती. योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राचं टेबल कॅज्युअल्टीजवळ ठेवा, कोपऱ्यात नको. तातडीच्या केसला फोनवर कळवून उपचार सुरू करता येतात, कागद मागाहून जातो, हे रात्रपाळीच्या प्रत्येकाला पाठ हवं. दर बेताचे आहेत आणि खेळतं भांडवल जास्त लागेल, ते बँकेशी बोलतानाच धरून चाला.

पण दार तुमच्या इमारतीलाच असतं असं नाही. साठ किलोमीटरवरच्या तालुक्यातून माणूस तुमच्याकडे नव्वद मिनिटांत पोचून, त्याची नळी उघडून होणार नाही. तिथल्या डॉक्टरने दहा मिनिटांत ईसीजी काढायचा, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा, तुम्ही लगेच बघायचा, आणि योग्य असेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथेच द्यायचं, मग अ‍ॅम्ब्युलन्स. त्यात तुमची प्रायमरी, म्हणजे अटॅक आल्या आल्या करायची, अँजिओप्लास्टी जाते. जाऊ दे. असे बारा-पंधरा डॉक्टर तुमच्याशी जोडले गेले, तर संगमरवरी लॉबीपेक्षा जास्त जीव त्यातून वाचतील, आणि खर्च होईल एका फोनचा आणि रात्री जागणाऱ्या एका माणसाचा.

आता जी गोष्ट मला सगळ्यात जास्त शिकवून गेली ती सांगते. बीडकडची एक मुलगी होती, बावीस-तेवीसची. लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने मायट्रल झडप पार खराब झालेली. फुगा घालून उघडण्यासारखी राहिली नव्हती, गळतीही होती. आमच्या सर्जनने धातूची कृत्रिम झडप बसवली. काम सुरेख झालं. पंपावरून सहज उतरली, तिसऱ्या दिवशी वॉर्डात चालत होती. घरी जाताना रक्त पातळ ठेवायच्या गोळीचं कार्ड दिलं, दर महिन्याला आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते, तपासायला सांगितलं, मेथी-शेपू बेताने खा म्हणून सांगितलं. तिने सगळ्याला मान हलवली.

नऊ महिन्यांनी तिला आणलं तेव्हा धाप लागून बसूनच होती, ओठ निळसर. सोबत सासू होती. सासू म्हणाली, "मॅडम, रात्री झोपल्यावर हिच्या छातीतली टिकटिक ऐकू यायची. चार दिवस झाले, येईना." मी स्टेथोस्कोप लावला. झडपेचा तो करकरीत आवाज खरंच बसला होता. गुठळीने झडप अडकली होती. औषधाने गुठळी विरघळली, ती वाचली. पण त्या रात्री मेंदूत काही जाऊन बसलं असतं तर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

गोळी का थांबवली, हे विचारल्यावर कळलं की ती ऊसतोडीला गेली होती. दिवाळीपूर्वी टोळी निघते, मार्च-एप्रिलपर्यंत कारखान्याच्या फडात कोपी करून राहायचं. तिथून लॅब कुठे, आणि पहाटे चारला फडावर जाणारी बाई आयएनआर करायला कुठे जाणार? गोळ्या संपल्या, मुकादमाकडे सुट्टी मिळाली नाही. आमच्या केस पेपरवर तिचं वय, वजन, रक्तगट, एको, सगळं होतं. 'वर्षातले सहा महिने कुठे असतेस' हा रकाना नव्हता. शिवाय मूल व्हायचं होतं तिला, आणि ती गोळी गर्भाला घातक ठरू शकते, हेही तिच्याशी नीट बोललं गेलं नव्हतं. तिला प्राण्याच्या ऊतीची झडप बसवली असती तर? कदाचित बारा-पंधरा वर्षांत दुसरं ऑपरेशन. ते बरं की हे? मला आजही ठामपणे सांगता येत नाही. पण निवड तिच्यासमोर मांडायला हवी होती, आणि ती मांडायला जो पाऊण तास लागतो तो आम्ही खर्च केला नाही, कारण पॅकेजमध्ये त्याला ओळ नव्हती.

त्यानंतर आम्ही एका सिनियर सिस्टरला फक्त एवढंच काम दिलं. झडपेच्या प्रत्येक पेशंटशी ऑपरेशनच्या आधी बसायचं: घर कुठे, काम काय, हंगामात कुठे जाता, गोळ्या कोण आणून देतं, मूल हवंय का. मगच सर्जन झडप ठरवतो. ऑपरेशननंतर तीच महिन्याला फोन करते. कारखान्यांच्या आसपासच्या लॅबचे नंबर तिच्या वहीत आहेत. आयएनआर फोनवर कळतो, डोस फोनवर सांगितला जातो. तरुण पेशंटला दर तीन आठवड्यांच्या पेनिसिलीन इंजेक्शनची आठवणही तीच करते. तिचा पगार कुठल्याच बिलात दिसत नाही. सीए दर वर्षी विचारतो.

म्हैसूरवरून घेतलेलं नातेवाइकांचं शिक्षणही तिच्याकडेच आहे. बायपासनंतर उशी छातीशी धरून खोकायचं, रोज सकाळी वजन बघायचं, दोन दिवसांत दोन किलो वाढलं तर फोन, पापड-लोणचं बंद. रोज चारला व्हरांड्यात, सतरंजीवर. त्यासाठी व्हरांडा लागतो. तुमच्या नकाशात नातेवाइकांनी रात्री कुठे पाठ टेकायची ते दाखवलंय का? आमच्यात नव्हतं. पहिली दोन वर्षं लोक जिन्यात झोपायचे.

एकदा मागे वळून सांगायचं तर: ऑपरेशनं करायची की नाही ते केसच्या संख्येवर ठरवा, करारातून प्रोसीजरमागची टक्केवारी काढा, काउंटर दारापासून हलवा, आणि पेशंटच्या घरच्या वेळापत्रकाची चौकशी करणारा एक पगारी माणूस पहिल्या दिवसापासून ठेवा. यातलं शेवटचं भागीदारांना पटायला सगळ्यात कठीण जाईल. आम्हाला ती मुलगी परत येईपर्यंत पटलं नव्हतं.

ती आता बरी आहे. ऊसतोड सोडली, गावात शिलाई करते. तिच्या सासूला मी वर्षातून एकदा तरी भेटते. ती अजूनही रात्री कान देऊन ऐकते म्हणे.

नकाशा पाठवलात तर बघेन. पाठवताना एक करा: कॅज्युअल्टीच्या दारापासून कॅथलॅबच्या टेबलापर्यंत स्ट्रेचर घेऊन किती पावलं आणि किती दारं, ते मोजून कोपऱ्यात लिहा. मध्ये लिफ्ट असेल तर तेही लिहा, आणि वीज गेल्यावर ती कशावर चालते तेही.